सुजेला चूलबंद आवतण

हणमंत गुरवाच्या अंगातली सूज आवतणाशिवाय जेवत नव्हती, म्हणून ती तपासात सापडत नव्हती.

तपास सोपा. माणसाला उपाशी ठेवायचं, किरणांचं औषध मिसळलेली साखर शिरेतून सोडायची आणि पेट स्कॅनच्या यंत्रात आडवं घालायचं. सूज साखरेवर तुटून पडते. जिथं बसून खाते तिथं फोटोत उजेड पडतो. हणमंताच्या फोटोत दोनदा मेंदू आणि मूत्राशय तेवढं चमकलं. ते घरचेच, त्यांना आवतण लागत नाही. बाकी अंधार. इकडं वर्षभर ताप, डोकं ठणकतंय, धोतर कमरेवर टिकत नाही.

डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या, "आजोबा, हजारात एखाद्याला होणारा आजार दिसतोय. जागा सापडली की औषध ठरेल. उशीर झाला तर डोळे जातील." मग त्यांनी फॉर्म चाळला. "अकरावा रकाना कोरा आहे. सुजेला आवतण कुणी दिलं?"

"वरीसभर फुकट ऱ्हातीया अंगात, आन् वर तिला आवतान?"

"उभ्या गावाला चाळीस वर्सं आवतनं दिलीसा," बायको ठकूबाई म्हणाली, "आन् अंगातल्या पावनीलाच वगळलंसा. रुसंल न्हाई तर काय!"

हे झोंबलं. गावजेवणात हणमंताच्या हातून एक उंबरा चुकला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यानं छातीवर चार अक्षता टाकल्या आणि गुरकावला, "एका मानसाचं आवतान हाय. ये."

आठवड्यानं फोटो काढला. घरचे सोडून सगळा काळा.

"तिचं खटलं असंल की वं," ठकूबाई म्हणाली. "घरादाराला सोडून एकटी कशी जेवंल?"

हणमंतानं दात खाल्ले. मग टोपी नीट केली, मूठभर अक्षता घेतल्या आणि गावात देतो तशा खड्या आवाजात चूलबंद आवतण दिलं. म्हणजे पोराबाळांसकट, पावण्यारावळ्यांसकट या, घरी चूल पेटवू नका.

या वेळी मानेपासून छातीतून खाली पोटापर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेनं, लखलखीत पंगत बसली होती.

"सापडली!" बाई म्हणाल्या. "रक्तवाहिनीचीच सूज. ही गोळी आत्ता घ्या."

हणमंतानं तोंड मिटलं. "पंगत उठल्याबिगार न्हाई. आवतान दिऊन ताटावरनं उठवायचं व्हय?"

"अवं, डोळं जातील तुमचं!" ठकूबाई म्हणाली.

"जाऊ देत. त्वांड दाखवायला जागा ऱ्हायली पायजे."

बाईंनी नियम काढून बघितले. नियम हणमंताच्या बाजूनं होता. सगळे थांबले. पंगत उठल्यावर त्यानं पावण्यांच्या हातावर पाणी म्हणून दोन तांबे पाणी रिचवलं, त्यांच्या नावानं सुपारी चघळली आणि मग गोळी गिळली.

तीन महिन्यांनी ताप नव्हता, डोळे शाबूत होते. पुन्हा चूलबंद आवतण दिलं. फोटोत मानेपाशी एकच मिणमिणता ठिपका आला.

"एक जण अजून आहे," बाई म्हणाल्या.

हणमंतानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "घरातली म्हातारी असंल. समदी गेली हिला मागं ठिवून. दात नसत्यात, जरा दमानं घ्या."

बाईंनी गोळी अर्धी केली आणि रिपोर्टात लिहिलं: एक वृद्धा. जेवण सावकाश.