सखाराम हवालदारांचा दात

सखाराम हवालदार रोज सकाळी आमच्या दारात येऊन पेरूला एक चावा घ्यायचे. पेरू खायचे मात्र नाहीत. तो सरळ माझ्या हातात ठेवायचे.

"बघा मास्तर, मधला उंचवटा कालच्यापरिस कमी हाय का न्हाई?"

उंचवटा उमटायचा तो त्यांच्या समोरच्या तुटक्या दातामुळे. मोठ्या लढाईत असताना हवालदार एक डबा दातानं उघडायला गेले आणि दाताचा कोपरा गमावून बसले. लढाई संपली, ते पेन्शनीत वडूजजवळच्या आमच्या गावी परतले आणि तो कोपरा भरून येणार, याची वाट बघू लागले. मी शाळामास्तर आणि शेजारी, म्हणून पेरू तपासायचं काम माझ्याकडे. पेरूचा हंगाम संपला की काकडी.

"आवं, पालीचं शेपूट तुटलं तर परत येतं," ते म्हणायचे. "मी काय पालीपरिस हलका हाय?"

दात भरून यावा म्हणून चुन्याची निवळी पिऊन झाली, तीळ खाऊन झाले. मोडलेलं हाड न हलवता ठेवलं की जुळतं, हे त्यांनी पलटणीत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी दातालाही आराम दिला. जबडा पटक्यानं बांधला आणि खुणांनी बोलू लागले. तशात बाजारात एका रेड्याचा सौदा चालला होता. हवालदारांनी नाकावरची माशी हाकलायला मान हलवली आणि तो म्हातारा रेडा त्यांच्या गळ्यात पडला.

शेवटी मी त्यांना सांगलीला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हवालदारांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी पालीसकट.

"दाताचं वरचं कवच नुसतं मऊ पडलं असेल, तर लाळेनं थोडं पुन्हा टणक होतं," ते म्हणाले. "पण तुटून पडलेला तुकडा परत येत नाही. कवच घडवणारं जे काही शरीरात असतं, ते दात वर येईपर्यंतच. पुढं नाही."

"निवळी दुप्पट घेतली तर?"

"तरी नाही. सोन्याची टोपी बसवू. दिसेलही छान."

हवालदारांनी तुटका दात जिभेनं चाचपला. मग म्हणाले, "माझ्या दाताला नको. घरच्या मंडळींना घिऊन येतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा कुठे सगळं कळलं. हवालदार लढाईवर असताना त्यांच्या पत्नी हौसाबाई आडावर घसरल्या आणि त्यांचा समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून त्यांच्या तोंडावरचा पदर हलला नव्हता. मी इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना कमी बोलणाऱ्या समजत होतो.

"मी आलो त्या दिवशी तिनं इचारलं, आता हे असंच ऱ्हाणार का? मी बोलून गेलो, भरून येतंय की, माझा बघ कसा येतोय." हवालदार रस्त्याकडे बघत होते. "पयली लय हसायची, मास्तर. शिवारात आवाज जायचा. ती हसली म्हंजी घरी आलो, असं वाटायचं. लढाई सपली, पर मी अजून घरी आलोच न्हाई बघा."

हौसाबाई आधी तयार नव्हत्या. "ह्या वयात सोनं दातात?" म्हणाल्या. त्यांनी लगेच पदर सोडला नाही, पण हवालदारांनीही हट्ट सोडला नाही. दोन-तीन हेलपाटे झाले आणि टोपी बसली. शेवटच्या खेपेला मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी आरसा पुढं केला. हौसाबाईंनी पाहिलं, तोंड मिटलं, पुन्हा उघडून पाहिलं.

परतीच्या मोटारीत हवालदार एका खेचराची गोष्ट सांगू लागले. साहेबांच्या तपासणीच्या वेळी ते भर कवायतीत फतकल मारून बसलं आणि साहेबांची टोपी चघळू लागलं. हौसाबाईंचा हात सवयीनं पदराकडे गेला, वाटेतच थांबला, आणि त्या हसल्या. मोटारीतली माणसं मागं वळून बघू लागली, एवढ्या मोठ्यानं.

हवालदारांनी घसा साफ केला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.