सहकर्जदार क्रमांक दोन

विवाह ही दोन माणसांमधली बाब असते. कर्जात तिसरा पक्ष असतो, आणि निष्ठेच्या बाबतीत त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना हे सत्य घटस्फोटानंतर पाच महिन्यांनी, रजिस्टर टपालाने कळलं. लग्नाच्या सातव्या वर्षी नवऱ्याने कुत्र्यांचं सलून काढलं होतं. (शहरात कुत्री चार हजार; पैकी आंघोळीस राजी शून्य.) कर्जाच्या अर्जावर दोन सह्यांची जागा होती. एक रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून बाईंनीही सही ठोकली. जिथे जिथे फुली, तिथे तिथे. फुल्या एकोणीस होत्या.

पुढे सलून चाललं नाही, संसारही चालला नाही. घटस्फोटाच्या हुकुमातलं कलम चौदा मात्र स्वच्छ होतं : सलूनचं सगळं कर्ज नवरा फेडेल. बाईंनी ते पान लॅमिनेट करून घेतलं. नवऱ्याने तीन हप्ते भरले आणि दिवाळखोरीचा अर्ज टाकला.

बँकेची नोटीस येताच बाई ते पान घेऊन बँकेत गेल्या. वसुली अधिकाऱ्याने ते आदराने वाचलं.

"सुरेख हुकूम आहे. पण मॅडम, यात आमची सही कुठंय?"

"घटस्फोट आमचा होता."

"तेच म्हणतोय. तुम्ही एकमेकांना सोडलंत. आम्ही कुणालाच सोडलेलं नाही."

मग त्याने समजावून सांगितलं, की कर्ज दोघांचं मिळून शंभर टक्के असतं आणि प्रत्येकाचं वेगळंही शंभर टक्के असतं.

"म्हणजे दोनशे?"

"कागदावर. वसूल आम्ही शंभरच करतो. बँक हावरट नाही."

बाईंच्या खात्यात काही रक्कम होती. भावाच्या घरातल्या मागच्या खोलीतून निघून स्वतःची जागा घ्यायची, त्यासाठी साठवलेली. (वहिनी 'अजून किती दिवस' असं कधी विचारत नसे. चहाचा कप जरा जोरात ठेवत असे, इतकंच.) ती रक्कम मागच्या थकबाकीत गेली. त्या दिवशी शिकवताना बाई पाण्याखाली जरा जास्त वेळ राहिल्या. तिथे रडलेलं कळत नाही, ही त्या नोकरीतली एकमेव सवलत.

संध्याकाळी माजी सासूबाईंचा फोन आला. "त्याची झोप उडालीय गं. तू काय, पहिल्यापासून खंबीर." (खंबीर : जिच्याकडून वसुली होऊ शकते अशी.)

कलम चौदानुसार बाई आता नवऱ्याच्या धनको, म्हणजे त्याच्याकडून येणं असलेल्या, ठरत होत्या, म्हणून धनकोंच्या सभेलाही त्यांना बोलावणं आलं. एकाच कर्जात बुडवणारी आणि बुडालेली, अशा दोन्ही खुर्च्यांवर बसण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. शेजारी कुत्र्यांच्या शाम्पूचा व्यापारी होता.

"तुमचं किती अडकलंय?"

"अकरा वर्षं," बाई म्हणाल्या.

त्याने आपली बिस्किटं त्यांच्याकडे सरकवली.

सभेत ठरलं : शंभराला दोन मिळतील. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांतून नवऱ्याला मुक्त करण्यात आलं. जिन्यात तो भेटला. वजन उतरल्यासारखा दिसत होता.

"खूप हलकं वाटतंय बघ."

"वाटणारच. मी धरलंय ना दुसरं टोक." बाईंनी छत्री उघडली आणि बसथांब्याकडे चालू पडल्या.

त्यानंतर सकाळी मुलं, दुपारी पोक्त मंडळी, आणि रविवारी पाण्याची भीती वाटणारे, अशा तीन पाळ्या करून चार वर्षं दोन महिन्यांत बाईंनी कर्ज फेडलं. वहिनीने त्या दिवशी कप हळू ठेवला. बँकेने 'कोणतीही बाकी नाही' असा दाखला दिला आणि सोबत एक अभिनंदनाचं पत्र. आपल्यासारख्या शिस्तप्रिय ग्राहकाला आधीच्या पाचपट कर्ज तत्काळ मंजूर होऊ शकतं. अट एकच : सहकर्जदार असावा, शक्यतो जोडीदार.

बाईंनी पत्राचे बारीक बारीक तुकडे केले. त्यांचा प्रश्न मिटला.

राहिला वाचकांचा. इथवर मोकळेपणाने हसलेले बहुधा अविवाहित असावेत. विवाहित वाचक एव्हाना उठून कपाटातली ती फाईल शोधू लागले असतील. तिच्यात आपण नेमक्या कशावर सह्या केल्या, ते त्यांना आठवत नाहीये. शोधू नये. सापडणार नाही. ती कुठे ठेवलीय हे फक्त जोडीदाराला माहीत असतं, आणि आत्ता, अचानक, का हवीय म्हणून सांगणार?