बंडूजींचा काटा आणि उघडी सॉकेटं

"काऊन बे, पुन्हा अडलं?" बंडूजी गरजले, तेव्हा आर्वीतल्या त्यांच्या वजनकाट्यापासून थेट रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. ऐन हंगाम, आणि समोरच हेमराजचा नवा कोरा काटा! एकेक गाडी तिकडे वळत होती तसतसं बंडूजींचं डोकं तापत होतं.

वजन थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवणारा प्रोग्राम त्यांच्या मुलाने, गोपालने, लिहिला होता. काल तो संध्याकाळी अडला. म्हणून बंडूजींनी हजारो रुपये ओतून कॉम्प्युटरची मेमरी वाढवून घेतली. आज तो दुपारीच अडला.

"बाबा, दर गाडीमागं सर्व्हरशी एक जोडणी उघडते. सॉकेट म्हंतेत त्याले. उघड्या सॉकेटाइची मर्यादा संपली."

"मंग बंद काऊन नाई केले?"

"मले वाटलं रनटाइम करीन. प्रोग्राम चालोते ना, तो. आपन वापरून टाकलेलं तोच मागून गोळा करते."

"मंग आज कुठं मेला तो?"

"मेमरी भरत आली का मंगच तो झाडू घेते. आपन मेमरी वाढोली. आता ती भरतच नाई, तर तो कायले उठते?"

"म्हंजे आळशाले मोठं घर बांधून देल्लं मी!"

बंडूजींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काट्यामागच्या नळावर जाऊन त्यांनी डोक्यावर पाणी मारलं आणि तसेच निथळत परत आले.

"ज्यानं उघडलं त्यानं बंद करावं! एवढं बी नाई शिकवत तुमच्या कॉलेजात?"

गोपालने सॉकेट बंद करायची एक ओळ लिहिली. प्रोग्राम सुरू झाला, गाड्या भराभर सरकू लागल्या. बंडूजींनी हेमराजकडे बघत मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात काट्यावरचे आकडे नाचू लागले. काटा रिकामा, आणि वजन दोन क्विंटल! गोपालने वाकून पाहिलं. काट्याखालच्या खड्ड्यात पाणीच पाणी, वजन मोजणारे सेन्सर पार भिजलेले.

"नळ कोनं चालू ठेवला बे?" बंडूजी कडाडले.

मागच्या ओट्यावर त्यांची बायको सुमित्राबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"तुमीच. रोज तुमच्या मागं मीच बंद करतो. आज तुमचंच आयकलं. ज्यानं उघडलं त्यानं बंद करावं."

गोपालने घाईघाईने तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मले वाटलं..." बंडूजींचा आवाज एकदम खाली आला, "मले वाटलं तू करशीन."

रांगेतला पुढचा ट्रॅक्टर हेमराजच्या काट्याकडे वळला.