दोन अंशांची चोरी

"भट्टीचा काटा काय सांगतो ते ऐकू नकोस. आत तापमान मोजायची तार घाल आणि मोज." सव्वीस वर्षांपूर्वी उस्तादांनी हे सांगितलं आणि बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या बाबांनी तेव्हापासून कुठल्याच काट्यावर विश्वास ठेवला नाही. घरातला तापमापकही त्यांच्या लेखी संशयित होता.

त्यामुळे लेकीच्या टेबलावर पेनाएवढं, टोकाला धातूची टिकली असलेलं यंत्र दिसलं, तेव्हा हात शिवशिवणं साहजिकच होतं.

"हे काय?"

"पुटकुळीवर टेकवायचं. गरम होतं. त्यातले जंतू मरतात आणि पुटकुळी बसते," लेक आरशात बघत म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक लालबुंद पुटकुळी ऐटीत बसली होती. "शुक्रवारी ओळखपत्राचा फोटो आहे, बाबा. पाच वर्षं तोच गळ्यात. कॉलेजच्या कार्डावर तीन वर्षं पुटकुळ्या घेऊन हिंडले. फाटकावरचा माणूस रोज कार्ड बघायचा, मग मला बघायचा आणि हसायचा. या नोकरीत तसं नकोय मला."

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. यंत्र दोनदा टेकवून ती कामावर गेली. बाबांनी दार लागण्याची वाट पाहिली आणि टिकलीला तार लावली.

"अगं, इकडे ये," त्यांनी आईला हाक मारली. त्यांचा आवाज तापला होता. "पुस्तिकेत अठ्ठेचाळीस अंश लिहिलंय. देतंय सेहेचाळीस. दोन अंश खाल्ले चोरांनी."

"तुमचे नाही ना खाल्ले? ठेवा जागेवर."

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, दोन अंशांनी काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाही? माझ्याकडे दोन अंश चुकले की अख्खा घाणा परत येतो. आणि अठ्ठेचाळीसला कुठला जंतू मरतो हो? निदान पासष्ट तरी नको?"

मुलीने फोन ठेवला की तो कटला, हे कळलं नाही. बाबांनी मात्र स्क्रू-ड्रायव्हर उचलला. आतली एक जोडणी बदलली, पुन्हा तार लावली. पासष्ट. नेमकं पासष्ट. त्यांनी यंत्र पुसून, जसं होतं तसं टेबलावर ठेवलं. लेकीला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे, पुटकुळी बसल्यावर सांगू, असा त्यांचा बेत होता.

संध्याकाळी लेकीने यंत्र नाकावर टेकवलं आणि घरात अशी किंकाळी उठली की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

पुटकुळी होती तिथेच होती. भोवती आता एक लाल कडं उमटलं होतं.

"पासष्टच होतं," बाबा म्हणाले. "मी स्वतः मोजलंय."

लेकीने ओला रुमाल नाकावरून काढला. "तुम्ही उघडलंत ते?"

"सुधारलं."

"माझी वस्तू. मला न विचारता."

"मोजलंय ना?" आई दारातून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बाबा दचकले. "मग लावा स्वतःच्या नाकावर."

मोजलेल्या आकड्याला माघार घेता येत नाही. बाबांनी यंत्र नाकावर टेकवलं आणि ओठ दाबून नऊपर्यंत मोजलं. दहा काही त्यांच्याने झालं नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नाकं आळीपाळीने पाहिली. "एकच यंत्र?"

"एकच घर," आई म्हणाली.

"ही यंत्रं चालतात तरी का?" बाबांनी गुरगुरत विचारलं. नाक हुळहुळत होतं.

"पुटकुळी नुकती आलेली, वरवरची असेल, तर काहींना थोडा फायदा होतो म्हणतात. खोल असेल तर नुसता शेक. खात्रीने सांगावं इतका अभ्यास झालेला नाही. पण एक खरं, ती मुद्दाम कोमट ठेवलेली असतात. जंतूंच्या भोवती माणूस असतो हो." त्यांनी लेकीच्या नाकावर मलम लावलं. "तुझी बसायलाच आली होती. यंत्राने की आपसूक, ते मात्र आता कळणार नाही."

"त्याला दोन पुटकुळ्या हव्यात," बाबा नकळत बोलून गेले. "एकीला शेक, दुसरी तशीच..."

"बाबा." लेकीचे डोळे भरून आले होते, पण आवाज धारदार होता. "सव्वीस वर्षांत एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणालात? भट्टी बिघडली की बेकरीवाल्याचं चुकतं. यंत्र बिघडलं की कंपनीचं. हे नाक कोणाचं चुकलं?"

बाबांनी खुर्चीच्या हाताकडे पाहिलं.

"फोटो पुढे ढकलून हवाय मला. त्याचं कारण तुम्ही माझ्या कार्यालयात जाऊन सांगायचं. खरं कारण."

"सांगेन," बाबा म्हणाले.

"कंपनीचं नाव न घेता."

हे जड गेलं. पण मान हलली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बेकऱ्यांचे दोन फोन आले, त्यांनी ते उचलले नाहीत. लेक अजून त्यांच्याशी बोलत नव्हती. तिने फक्त कार्यालयाचा पत्ता कागदावर लिहून चपलांपाशी ठेवला होता. बाबांनी तो दोनदा वाचला.

आई पावडरचा डबा घेऊन आली. "थांबा, तुमच्या नाकावरचं ते कडं जरा झाकते. लोक हसतील."

"राहू दे," बाबा हळूच म्हणाले. "दिसलं पाहिजे."

आणि आवाज न करता दार ओढून घेऊन ते जिना उतरू लागले.