वळख एकदाच

गजूभाऊंनी मला चार वर्षांत एकदाच राम राम केला, आणि तो पहिल्या दिवशी. त्यानंतर आमची भेट झाली की ते मागच्या वेळी जिथं थांबले असतील तिथून पुढं बोलायला लागतात. एका मंगळवारी ऑफिसातून निघताना "तुरीच्या वरनात त्या मानसानं..." एवढं म्हणून ते बस पकडायला पळाले. गुरुवारी आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "गूळ टाकला ना, भाऊ." मला दोन दिवस मागं जाऊन ते वरण शोधावं लागलं.

निघतानाही तीच तऱ्हा. "येतो" नाही, "बसा" नाही. बोलता बोलता उठतात आणि दिसेनासे होतात. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा बायकोनं त्यांचा चहा अर्धा तास झाकून ठेवला होता. "हा मानूस घरी गेला का नुसता अंगनात गेला, हे कोनाले इचारू?" असं तिनं मला विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

एकदा मी त्यांना सरळच विचारलं की बाबा, राम राम म्हणायला तुमचं काय जातं? तर म्हणाले, "वळख एकदाच होते, भाऊ. रोज रोज नवी कायले?"

हा सगळा त्यांच्या धंद्याचा गुण आहे. मंगरूळपीरला शेतकऱ्यांची एक छोटी कंपनी आहे, तिच्यात मी कारकुनी करतो आणि गजूभाऊ कंपनीची वेबसाइट सांभाळतात. सोयाबीन विकायचं असेल तर शेतकऱ्यानं तिच्यावर नोंदणी करायची आणि टोकन घ्यायचं. अशा वेबसाइटच्या मागं दोन सर्व्हर असतात, हे मला गजूभाऊंनीच शिकवलं. एक दारावरचा. मोबाइलवर पान उघडलं की शेतकऱ्याला हा भेटतो. दुसरा आतला, जावा नावाच्या संगणकी भाषेत चालणारा. नोंदणी, टोकन, याद्या ही खरी कामं हा करतो. दारावरच्यानं फक्त निरोप आत न्यायचा आणि उत्तर बाहेर आणायचं.

"आलुबोंड्याचं हॉटेल समजा," गजूभाऊ सांगतात. "बाहेर वाढपी, आत आचारी. दर प्लेटीले वाढपी आत जाऊन 'राम राम, मी अमक्याचा अमका' करत बसला, त गिऱ्हाईक उपाशी मरन का नाई?"

म्हणून त्यांनी दोन सर्व्हरांच्या मध्ये वीस लाइनी कायमच्या उघड्या ठेवल्या होत्या. एकदा ओळख करून द्यायची आणि मग नुसतं काम. वेबसाइट खरोखर पळायला लागली. त्याचा त्यांना केवढा अभिमान. हे त्यांनी सर्व्हरपुरतंच ठेवलं असतं तर आमचा चहा निवला नसता.

गजूभाऊ एकटेच राहतात. इंझोरीला त्यांचे थोरले भाऊ आहेत, त्यांना ते दादा म्हणतात. सहा वर्षांपूर्वी दादांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. निमंत्रकांत चुलत काका होते, मावसभाऊ होते, गल्लीतलं मित्रमंडळ होतं. सख्खा काका तेवढा नव्हता. छापणाऱ्यानं एक ओळ खाल्ली, असं दादांचं म्हणणं. गजूभाऊ दादांच्या अंगणात उभे राहून "पत्रिकेत माहं नाव..." एवढंच म्हणाले, वाक्य तिथंच टाकलं, जीपमध्ये बसले आणि निघून आले. लग्नाला गेले नाहीत. नंतर इंझोरीलाही गेले नाहीत. आमच्याकडं पत्रिकेतल्या नावावरून रुसलेली माणसं खांदा द्यायलासुद्धा येत नाहीत, त्यामुळं कोणाला यात नवल वाटलं नाही.

मी एकदा भांडणाचा विषय काढला तर ते माझ्यावरच उखडले. "भांडन? कोनं सांगतलं तुमाले? आमचं बोलनं चालूच हाये. मधात थोडं थांबलं. म्या काई लाइन बंद नाई केली."

यंदा सोयाबीनची नोंदणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून ऑफिसात फोन यायला लागले. सकाळी जे पहिले दहा-वीस जण अर्ज भरायचे, त्यांचं पान फिरत राहायचं आणि शेवटी चूक दाखवायचं. नंतरच्यांचं मात्र सुरळीत. आमची माणसं हुशार. त्यांनी यावर लगेच तोड काढली, की पहिलं जायचंच नाही. जो तो दुसऱ्याला पुढं करायचा. कामरगावच्या एका गृहस्थानं तर मला रोज सकाळी फोन लावला. "साहेब, आज कोनी फसलं काय? फसलं असन त मी भरतो."

गजूभाऊंना हे फार लागलं. तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. "माह्या लाइनी उघड्या हायेत, पाहा तुमी," असं म्हणून मला पडद्यावर दाखवायचे. खरंच वीसच्या वीस उघड्या दिसायच्या.

चौथ्या दिवशी, म्हणजे नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी तेच आतल्या सर्व्हरच्या बाजूनं जाऊन पाहिलं. पाहिलं आणि खुर्ची मागं ढकलली.

"काय झालं?"

"यानं त कवाच बंद केल्या."

ज्यांनी तो आतला बसवला होता, त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं की एक मिनिट काम आलं नाही तर लाइन तोडून टाक. दारावरच्याला याचा पत्ताच नव्हता. तो आपला उघडी आहे, उघडी आहे म्हणून बसलेला. लाइनी रात्रभर रिकाम्या राहायच्या आणि सकाळी पहिले अर्ज मेलेल्या लाइनीत जाऊन पडायचे.

"मग आता?"

"आता काम देण्याच्या पह्यले दारावरच्यानं इचारायचं, हाये काय? आतून 'हाये' आलं तरच काम द्यायचं. नाई आलं, त नवी लाइन, नवी वळख."

"म्हणजे राम रामच की हो," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "लहानसा," म्हणाले, आणि तो लहानसा राम राम त्यांनी दोन्हीकडं लिहून टाकला. साडेअकराच्या सुमारास सगळं ठीक झालं.

राहिलं काम माझं. चार दिवसांत अडकलेल्या लोकांना फोन करून सांगायचं होतं की पाचच्या आत पुन्हा अर्ज भरा, नाहीतर यंदा टोकन मिळणार नाही. गजूभाऊंनी यादी काढून दिली. चारही दिवस सगळ्यात वर एकच नंबर होता. वेळ सकाळी सहा, कधी सहाला पाच कमी. मी तो मोठ्यानं वाचायला लागलो. पहिले पाच आकडे मी वाचले आणि पुढचे पाच गजूभाऊ खिडकीबाहेर बघत बोलले.

"धारा काढून झाल्या का भरत असन," ते म्हणाले. "घर वावरात हाये. पह्यलं जाऊ नका म्हनून त्याले कोन सांगन?"

ऑफिसात फोन करून दादा विचारू शकले असते. का विचारलं नाही, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. चार दिवस थोरला भाऊ दारावर येत होता आणि धाकट्याचं दार त्याला परत पाठवत होतं. मला त्या क्षणी गजूभाऊंची दया आली.

"मी लावतो फोन," मी म्हणालो.

"नका लावू," असं म्हणून त्यांनी स्वतःच लावला, आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. हातात धरवत नसावा. मी जीव मुठीत धरून बसलो. या माणसाची सवय मला ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वीचं ते पत्रिकेचं वाक्य ते नेमकं तिथून पुढं सुरू करतील, याची मला खात्रीच होती.

फोन उचलला गेला. तिकडून आवाज नाही. कुठंतरी विहिरीवरची मोटार चालू होती.

"दादा," गजूभाऊ म्हणाले, "हाये काय?"

मोटार चालतच राहिली. गजूभाऊंनी टेबलाची कड धरली होती.

"हाये," तिकडून आलं.

गजूभाऊंनी फोन जवळ ओढला. ते पत्रिकेचं वाक्य त्यांनी काढलंच नाही.

"राम राम, दादा."

"राम राम. जेवला काय?"

मी खाली मान घालून दादांचा अर्ज भरून टाकला. पहिल्या झटक्यात गेला. वर पाहिलं तर गजूभाऊ मान हलवून जेवलो, जेवलो म्हणून सांगत होते. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही.