पास्कूकाकांचे इनासबाबा

"आवं इनासबाबा, उठा की! मानसं इचाराय आली, आन् तुमी तोंड फिरवून झोपलाय व्हय?"

साताऱ्याच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानातली ही भरदुपारची आरोळी. ओरडणारे आमचे सांगलीचे शेजारी पास्कूकाका, आणि ज्यांना उठवणं चाललं होतं ते त्यांचे पणजोबा. त्यांना जाऊनच शंभरावर वर्षं झालेली. पण काकांचा आवाज असा, की शेजारच्या ओळीतले दोघेतिघे उठून बसले नाहीत याचंच मला नवल वाटलं. रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर मात्र थांबला.

माधवनगरची गिरणी बंद पडली तेव्हा कुणी दारूला लागलं, कुणी भजनाला. काका मेलेल्यांच्या मागे लागले. पूर्वज शोधायचे. त्यासाठी जेवणाच्या डब्यात ज्वारीचं पीठ घेऊन निघायचं. झिजलेल्या दगडावर ते चोळायचं आणि तळहातानं हलकेच पुसायचं. अक्षरांच्या खाचेत पीठ राहतं, नाव पांढरंशुभ्र वर येतं. मिरजेपासून फलटणपर्यंतच्या मुंग्या काकांना चालीवरून ओळखतात. एकदा एका गोऱ्या मेजरची कबर पुसून डब्यात उरलेल्या पिठाच्या मार्थाकाकूंनी भाकरी थापल्या, तर काका पहिला घास खाऊन म्हणाले, आज भाकरीला मेजरसायबाची चव हाय. काकू चार दिवस बोलल्या नाहीत.

दगड संपले की चर्चमधल्या जुन्या वह्या. "मानूस तीनदाच खरा आस्तो," काका सांगत, "पान्याखाली, माळंखाली आन् मातीखाली. बाकी समद्या गप्पा." म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते आईबापांकडे बघतसुद्धा नसत. आधी धर्मबाप कोण ते बघायचं, कारण लेकरू हातात धरायला माणूस घरातलाच बोलावतात, आणि तो सापडला की अख्खं खानदान हाताला लागतं. या पद्धतीनं त्यांनी निम्मी मिरज आपल्या चुलतभावांत जमा केली. मी जाधव, तरी मलाही त्यांनी गोव्यात एक आत्या काढून दिली. तिच्याकडून दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी येते, त्यामुळे मी पुढं चौकशी केलेली नाही.

इनासबाबा गोव्याहून संस्थानच्या बँडात कर्णा वाजवायला आले. पुढं साताऱ्याला एका लग्नात वाजवायला गेले ते परतलेच नाहीत. काकांना वडलांकडून एवढंच कळलेलं. साताऱ्याच्या कबरस्तानात एका दगडावर कर्णा कोरलेला सापडला. नाव पार पुसलेलं, अर्धा डबा पीठ खाऊनही दगड बोलला नाही. पण कर्णा म्हटल्यावर काकांची अशी खात्री पटली, की इथली वही त्यांनी उघडलीच नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, माझ्या गाडीतून आमची स्वारी साताऱ्याला. काका गवत उपटणार, झेंडूचा हार घालणार, मेणबत्ती लावणार, आणि मग दगडाशी टेकून वर्षभराच्या बातम्या सांगणार. लेकाला मस्कतला नोकरी लागली. गुडघा दुखतोय. जाधव गाडी लय वाईट चालवतो. काकू गेल्या त्या वर्षी ते तिथून उठेचनात. मी म्हणालो, काका, हे काकूंच्या कबरीपाशी बोलावं की. तर म्हणाले, तिला काय सांगू, तिला समदं आदीच ठावं आसायचं.

यंदा फाटकावर सूचना लागली होती. जागा पुरत नाही. ज्या जुन्या कबरींना वाली नाही त्या काढणार. नातलगांनी येऊन नातं दाखवावं. म्हणून ती आरोळी, आणि म्हणून आम्ही चर्चच्या कचेरीत.

फादर नवे होते, तरुण. त्यांनी दफनाची वही काढली, ओळ आणि जागा लावून पाहिली आणि वही काकांच्या पुढ्यात सरकवली. त्या दगडाखाली टपालाचा टांगा हाकणारा एक माणूस होता. रस्ता मोकळा करायला तो कर्णा फुंकायचा. नातलगांच्या जागी नुसती रेघ. इनासबाबा पुढच्या पानावर निघाले: प्लेगात गेलेले, गावाबाहेर इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलेले. दगड नाही.

काकांनी पान मागं उलटलं आणि त्या रेघेवरून पिठाचं बोट फिरवलं.

फादर हळूच म्हणाले, "मग हा काढायला तुमची हरकत नसावी."

"हाय."

"वारस नसला तरी सांभाळणाऱ्याचं नाव चालतं. पण तुमचा तो कोण, ते लिहावं लागेल."

मी टेबलाखालून काकांना ढोसलं. पणजोबा सांगा, चुलता सांगा. इथं तपासतंय कोण? नदीतल्या माशाची लांबी सांगताना हा माणूस दोन्ही हात भिंतीला टेकवतो. पण वहीत खोटं घालायला काका तयार होईनात. त्यांनी रुमालानं हाताचं पीठ पुसलं.

"लिवा," ते म्हणाले, "वळखीचा."

फादरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

परतताना कराड मागं पडेपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मलाच राहवेना. म्हणालो, काका, इतकी वर्षं सगळं सांगितलंत, आणि तो तुमचा कुणीच नव्हता की.

"त्येला तरी कोन व्हतं?" काका म्हणाले. "डावीकडनं घे, म्होरं खड्डा हाय."