न्यूट्रलमधले मुळेअण्णा

मुळेअण्णांचं पहिलं दर्शन मला घडलं ते त्यांच्या तळपायांचं. सिडकोतल्या घरी राहायला येऊन दुसराच दिवस. सकाळी गच्चीवर गेलो, तर शेजारच्या कठड्यावरून दोन पावलं आकाशाकडे बघत होती. मी दचकून "कोण आहे?" म्हणालो. खालून उत्तर आलं, "नमस्कार साहेब! चहाला या. दोनच मिनिटं उलटा हाय."

माणूस सत्तरीचा. उभा जन्म एसटी चालवली, तीही बहुतेक पैठणच्या रस्त्यावर. आता रोज सकाळी कॉलनीच्या बागेत योग शिकवायचे. संस्कृत नावांशी त्यांचं जमत नसे. शवासन म्हणजे 'न्यूट्रल', प्राणायाम म्हणजे 'हवा चेक करणं'. कुणी झटक्यानं वाकलं की ओरडायचे, "ओ ताई, क्लच हळू सोडा! गाडी आपलीच हाय!" त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच: "शरीर गाडी, मन डायवर. आन् आत बसलाय त्यो प्याशिंजर. त्याला धक्का नाय बसला पायजे."

हे ऐकून लोक माना डोलवायचे. माझा जळफळाट व्हायचा.

मी निवृत्त मुख्याध्यापक. अण्णांपेक्षा सहा वर्षांनी लहान. योगावरची पाच जाड पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, खुणा करून वाचलेली. पण माझे गुडघे पायरी चढताना कुरकुरतात आणि बागेत वीस माणसं 'अण्णा, अण्णा' करत त्यांच्याभोवती जमतात. त्यात पहिल्या रांगेत आमची नलिनी. पाठ दुखते म्हटलं की ती म्हणायची, "अण्णांना विचारा." अण्णा रात्री हलकं जेवतात, म्हणून माझी एक भाकरी कमी झाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण माझं ऐकून तिनं कधी चहातली साखरसुद्धा कमी केली नव्हती.

शेवटी एका दुपारी मी खोलीचं दार लावून, पुस्तक समोर ठेवून पद्मासन घातलं. घातलं गेलं. सुटेना. नलिनी हसली नाही. तिनं सरळ अण्णांना हाक मारली.

"साहेब, गियर अडकलाय. जोर नका लावू," असं म्हणत त्यांनी दोन बोटांनी माझा पाय मोकळा केला आणि निघून गेले. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही. सांगितली असती, तर निदान राग तरी धरता आला असता.

त्यांच्या पत्नी शांताबाई आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या बाहेर दिसत नसत आणि अण्णा त्यांच्याविषयी बोलत नसत.

मागच्या हिवाळ्यात एके सकाळी अण्णा बागेत आलेच नाहीत. मी लगेच पुढं झालो. "चला, आज मी घेतो."

"तुम्ही आधी अण्णांना बघून या," नलिनी म्हणाली. वीसही जणांनी मान हलवली.

धुसफुसत गेलो. अण्णांच्या समोरच्या प्लॉटवर बोअरचं मशीन धडधडत होतं. दार नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीत कुणी दिसेना, पण बोलणं ऐकू येत होतं. कसाबसा वाकलो. लोखंडी पलंगाखाली अण्णा आडवे झाले होते. शेजारी शांताबाई, भिंतीला चिकटून, दोन्ही मुठींत त्यांचा सदरा घट्ट धरून.

"डायवरसाहेब, पैठण आलं का?" त्यांनी विचारलं.

"बिडकीन मागं पडलं, बाई. आता ढोरकीन."

"आमचे मालक येणारेत स्टँडवर. मला न्यायला."

"येतेत की. मी वळखतो त्यांना."

"लई उशीर करतेत वो ते."

"व्हय. पन येतेत."

अण्णांना मी दिसलो. ते हळूच म्हणाले, "चार वर्षं झाली साहेब, मला वळखत नाय. जरा आवाज झाला की खाली जाती. पयले मला वाकताबी येत नव्हतं. ती खाली रडायची, मी वर. मंग शिकलो."

हेवा गेला होता म्हणावं, तर तसंही नाही. नलिनी अशी पलंगाखाली गेली असती, तर मी वरून हाका मारत बसलो असतो. पाच पुस्तकं वाचूनही.

शांताबाईंची नजर माझ्याकडे वळली. त्या घाबरल्या. "ह्ये कोन?"

"कंडक्टर हायेत," अण्णा म्हणाले.

मी पलंगाच्या कडेला हात टेकवला आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत हळूहळू फरशीवर बसलो.

"बसा बाई निवांत," मी म्हणालो. "पैठण आलं की मी सांगतो."

मशीन थांबायला पाऊण तास लागला.